‘अंतर नाई देल्लं’ : याचा अर्थ काय लावायचा?

अनुवादवाली : कोरोनाकाळात नागपूरच्या वस्त्यांनी कसे दिवस काढले, यावरच्या मुलाखती इंग्रजीत करतेय. पूर्व नागपुरातल्या एक आजी त्यांच्या नगरसेवकाबद्दल सांगतात, “बाकी सारे घरात दडून बसले, पण भाऊनं वस्तीले अंतर नाई देल्लं.” मी ‘वस्तीला वाऱ्यावर सोडलं नाही’ या अर्थाने घेतलं. पुण्याहून तपासणाऱ्यांचा शेरा आला : ‘नगरसेवकाने सुरक्षित अंतर पाळले नाही, असे हवे.’ कारण पुढच्याच वाक्यात आजी शिधावाटपाच्या टेम्पोभोवतीची झुंबड सांगतात, पिशवी हातात आली पण तिचे बंद तुटले वगैरे. कोण बरोबर?

महालचा : ताई, तुम्हीच. विठ्ठलाला ‘मला अंतर देऊ नको’ म्हणतो तेव्हा काय सहा फूट मागत असतो? अंतर ठेवतात, राखतात. देतात तेव्हा अर्थच पालटतो. पुणेकरांना एवढंही कळू नये!

कोशकीटक : पुण्याला मध्ये ओढायचं कारण नाही, मी सदाशिव पेठेतलाच आहे आणि तुमच्याशी सहमत आहे. माझी तक्रार निराळी. ‘अंतर पाळा’ हे मराठीच नव्हे. पाळतात नियम, व्रत, वेळ, सुतक.

महालचा : मग सुतकच होतं ना ते. चौदा दिवसांचं.

पाचपावली : गंमत राहू द्या. पाळणं चालेल, पण ‘सामाजिक अंतर’ हा शब्द मला आजही टोचतो. ज्या शहरात १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तिथे सरकारी फलकावर ‘सामाजिक अंतर ठेवा’? ते अंतर आमच्या आजोबांनी विहिरीवर पाहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे फलक बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही.

कोशकीटक : तत्त्वतः मान्य. पण रूढ झालेला शब्द आता कोण उपटणार?

पाचपावली : दादा, आत्ताच तर ‘पाळा’ उपटत होतात.

काटोलकर : आमच्याकडे अंतर म्हटलं की संत्र्याचं. वीस बाय वीस. कमी ठेवलं तर झाडं एकमेकांत घुसतात आणि फवारणीले माणूस आत जात नाही. बाकी चालू द्या.

महालचा : अंतरावरून आठवलं. मनपाची सर्वसाधारण सभा एरवी आमच्या महालातल्या टाऊन हॉलमध्ये. जून २०२० ची मात्र रेशीमबागेत, सुरेश भट सभागृहात घेतली, नगरसेवकांना सुटं सुटं बसता यावं म्हणून. खुर्च्या सुट्या राहिल्या, पण तोंडं एवढी जवळ आली की आयुक्त तुकाराम मुंढे सभा सोडून निघून गेले. याला म्हणतात अंतर पडणं.

जुना उपसंपादक : मी त्या काळात डेस्कवर होतो. ‘सोशल डिस्टन्सिंगचा फज्जा’ हा मथळा इतका वापरला की जुळारी असते तर खिळे झिजले असते. एक पाहिलंत का? भाजीवाल्याने गाडी लावली की ‘नियम मोडला, गुन्हा दाखल’. पुढाऱ्याच्या कार्यक्रमात मात्र ‘फज्जा उडाला’. आपोआप. जणू वारा आला न् उडाला. उडवला कोणी, ते वाक्यात नाहीच.

कोशकीटक : पण फज्जा म्हणजे मुळात शर्यतीचं ठरलेलं ठिकाण. लहानपणी पळत जाऊन ‘फज्ज्याला’ शिवायचो. ते ठिकाणच उडालं म्हणजे डाव मोडला, अशी माझी व्युत्पत्ती.

काटोलकर : फज्जा? आम्ही कधीच नाही म्हटलं. आमच्याकडे नुसतं ‘घर’.

अनुवादवाली : आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, “दोन्ही लिही ना बाई. भाऊ नसता आला तर त्याले मत कोण देईन? आला म्हणूनच चूल पेटली. पण एकटा याचा असता, फोटो काढाले वीस पोट्टे काहून आणले?” आता हे एका वाक्यात कसं बसवू? संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे.

पाचपावली : हेच तर. लोकांना तो दारात हवा होता आणि तोंडावर मास्क लावून, चार हात लांब हवा होता. घरी बसला तर ‘तोंड लपवलं’, आला तर ‘रोग आणला’.

जुना उपसंपादक : एवढीही कीव नको, ताई. पासवर दुकानातून शिधा वेळ ठरवून देता आलाच असता. त्यात फोटो निघत नाही, एवढंच.

महालचा : फोन करणारे नगरसेवकही होते हो. सरसकट झोडपू नका.

कोशकीटक : फज्ज्याबद्दल काटोलकरांनी उत्तर दिलेलं नाही. ‘घर’ हे लपंडावातलं. मी शर्यतीबद्दल बोलतोय.

काटोलकर : शर्यतीत आम्ही आंब्याच्या झाडाले हात लावत होतो. त्याले आंबाच म्हणत.