मदत हवी आहे: जुना ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) घेताना कोणता क्रमांक जुळायला हवा?

माझ्या स्कोडा लॉरा १.९ टीडीआयचा ईसीयू पाणी शिरल्यामुळे निकामी झाला असून, नव्याऐवजी भंगार बाजारातला जुना घ्यावा असा विचार आहे. लेबलवर दोन वेगळे क्रमांक आहेत. ०३जी ९०६ ०२१ आणि त्यापुढे दोन अक्षरे, हा गाडीनिर्मात्याचा. त्यातले ०३जी हे इंजिनाचे कूळ आणि ९०६ हा सुट्या भागांच्या यादीतला गट, एवढे उलगडले. दुसरा ईसीयू बनवणाऱ्या बॉश कंपनीचा, ० २८१ ने सुरू होणारा. पेट्रोलसाठी बॉश ० २६१ वापरते, त्यामुळे निदान डिझेलची तरी खात्री पटते. विक्रेत्याकडील ईसीयूचा बॉश क्रमांक तंतोतंत जुळतो, मात्र शेवटची दोन अक्षरे वेगळी आहेत, आणि ‘चालून जाईल हो’ एवढ्यावर पैसे मोजायची माझी तयारी नाही.

हार्डवेअर एकच असताना अक्षरांतला हा फरक केवळ सॉफ्टवेअरपुरता समजावा का? तसे असल्यास, माझ्या मूळ ईसीयूची मेमरी वाचता आली तर ती जशीच्या तशी त्यात उतरवून इमोबिलायझरची (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) अडचणही दूर होते का? हे काम प्रत्यक्ष केलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. दोन्ही लेबलांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.