मदत हवी आहे: सासऱ्यांची बीपीची गोळी सारखी सुटते

मी ऐरोलीत, सासू-सासरे मुरबाडजवळच्या गावात. सासऱ्यांना अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज सुरू आहे, म्हणजे केसपेपरवर. "मला काय होतंय? धडधाकट तर आहे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, हे त्यांच्या गळी उतरवायचं कसं?

सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, पण संपली की एसटीची वाट बघण्यात अख्खा दिवस जातो. भातलावणीच्या दिवसांत कोण जाणार? त्यात घोट्यांना सूज आली. या गोळीने काहींना येते, डॉक्टरांना सांगितलं तर ते बदलूनही देतात. पण पारावर कुणीतरी "किडनी जाईल" म्हणालं आणि पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर गेलं. वाढलेलं बीपीच किडनी खराब करतं, हे पारावर कोण सांगणार! एकादशीलाही गोळी बंद, ती उपाशीपोटी चालते तरी.

तुमच्यापैकी कुणी आशाताईंच्या मदतीने हे जमवलंय का? इथल्या जनऔषधी केंद्रातून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या पाठवता येतात का, की दर वेळी नवी चिठ्ठी मागतात? रागावून बघितलंय, तो उपाय सुचवू नका.