मदत हवी आहे: गोलम फ्रोडोच्या शापानं पडला का?

दादरला आमचा छोटा वाचनगट आहे. टोल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी संपवून तीन रविवार झाले, तरी एका जागी गाडं अडलंय.

दुष्ट शक्तीची अंगठी ज्वालामुखी डोंगराच्या आगीत नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो शेवटच्या क्षणी तिच्यावरच हक्क सांगतो, त्यावर आता वाद नाही. त्या क्षणी अंगठीचा जोर कुणालाच पेलला नसता, असं टोल्किननं १९६३च्या पत्रात लिहिलंय आणि मला ते मनापासून पटतं. पेच गोलमचा, म्हणजे अंगठीच्या हव्यासानं फ्रोडोच्या मागे लागलेल्या तिच्या जुन्या धन्याचा आहे. डोंगरावर फ्रोडो त्याला बजावतो, पुन्हा मला हात लावलास तर आगीत पडशील. थोड्याच वेळात तसंच घडतं! गटातले दोघे म्हणतात, हा अंगठीच्याच ताकदीनं दिलेला शाप. मग बिल्बोनं (फ्रोडोच्या आधी अंगठी बाळगणारा त्याचा नातलग) आणि फ्रोडोनं गोलमला न मारता दाखवलेल्या दयेचं काय? तिच्यामुळेच तर गोलम तिथवर जिवंत पोचला. मला तो धागा सोडवत नाही.

फ्रोडोशी इमानी राहण्याची गोलमची शपथ, शत्रूच्या मुलखाच्या काळ्या दरवाजापाशी फ्रोडोनं त्याला दिलेली ताकीद, दोन्ही पुन्हा वाचून झालंय. टोल्किनच्या पत्रसंग्रहातलं १९५६चं १९२ क्रमांकाचं पत्रही पाहिलं. तिथे कथेचा खरा कर्ता, म्हणजे ईश्वर, सूत्रं हाती घेतो असं म्हटलंय, पण शापाबद्दल मला काही सापडलं नाही. सिनेमाचा दाखला कृपया नको, त्यात हा प्रसंगच बदललाय.

शाप आणि दया यांचा एकमेकांशी संबंध टोल्किननं स्वतः कुठे जोडलाय का? असल्यास प्रकरण किंवा पत्राचा क्रमांक सांगाल का?