सुएझ नको, केपच बरा

बेलापूरच्या दादांनी भाच्याची ४० फुटी शिडाची बोट मुंबईहून अटलांटिकमध्ये कशी न्यावी असं विचारलंय आणि वर बहुतेकांनी सुएझ सुचवलाय. अंतर वाचतं हे खरं. पण शिडाच्या बोटीला अंतरापेक्षा वारा महत्त्वाचा. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वायव्येचा वारा थेट तोंडावर येतो, म्हणजे शेकडो मैल इंजिन रेटत जायचं. शिवाय नोव्हेंबर २०२३पासून याच समुद्राच्या दक्षिण भागात जहाजांवर झालेले हल्ले. कालवा त्यामानाने सोपा, त्यात लॉक्ससुद्धा (बोट वर-खाली करणारे पाण्याचे दरवाजे) नाहीत.

केपला, म्हणजे केप ऑफ गुड होपवरून आफ्रिकेला दक्षिणेकडून वळसा घालायला, मात्र घाई चालत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ईशान्य वारा असतानाच मुंबई सोडून सेशेल्स गाठावं. तिथलं माहे बेट चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर आहे. मग मादागास्करच्या पश्चिमेने उतरत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेचं रिचर्ड्स बे बंदर. खरी परीक्षा त्यापुढे! तिथल्या किनाऱ्यालगतचा अगुल्हास हा सागरी प्रवाह नैर्ऋत्येकडे धावतो आणि नेमकं समोरून नैर्ऋत्येचं वादळ आलं की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. डर्बन ते ईस्ट लंडन सुमारे २५० सागरी मैल, वाटेत आसरा जवळजवळ नाहीच. हवामानाचा अंदाज पक्का असल्याशिवाय बंदर सोडू नये, कितीही दिवस थांबावं लागलं तरी. वारा फिरलाच तर २०० मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरकायचं, म्हणजे प्रवाहाच्या जोरातून बाहेर पडता येतं. केप टाउननंतर अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटापर्यंत आग्नेय व्यापारी वारे पाठीशी असतात.

दादा, भाच्याकडे वर्षभराचा वेळ आहे का, ते आधी विचारा. नसेल तर बोट मालवाहू जहाजावर चढवून पाठवा.