'जनुकसंच' म्हणावं का?

प्रश्न : पिकांवर रोग आणणाऱ्या बुरश्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'मायटोकॉन्ड्रिअल जीनोम'पाशी, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकेतल्या सगळ्या डीएनएच्या नावापाशी, अडले. 'तंतुकणिकीय जनुकसंच' असं लिहिलं, पण मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. दुसरं काही सुचतंय का?

उत्तर १ : 'तंतुकणिका' राहू द्या. १८९८ साली कार्ल बेंडाने ग्रीकमधले 'धागा' आणि 'दाणा' हे शब्द जोडून मूळ नाव केलं. आपला शब्द त्याचीच सावली, शिवाय शाळेत सगळ्यांनी वाचलेला. अडखळतंय ते '-कीय'. सरळ 'तंतुकणिकेतला' लिहा.

'जनुकसंच' मात्र मला खटकतो, आणि या विषयात तर जास्तच. बुरश्यांच्या तंतुकणिकेत ऊर्जानिर्मितीच्या प्रथिनांची जनुकं साधारण तीच चौदा. तरी भातावर करपा आणणाऱ्या बुरशीत हा डीएनए सुमारे ३५ हजार अक्षरांचा, तर भुरी आणणाऱ्या एका बुरशीत ३ लाख ३२ हजारांचा! जनुकांचा संच जवळपास तोच, मग एवढा फुगवटा कशाचा? बराचसा इंट्रॉनचा, म्हणजे जनुकाच्या मधेच येणाऱ्या तुकड्यांचा, आणि दोन जनुकांमधल्या मोकळ्या पट्ट्यांचा. 'जनुकसंच' म्हटलं की नेमकं हेच शब्दाबाहेर राहतं.

उत्तर २ : 'संच'वर एवढा राग नको. १९२० मध्ये हान्स विंक्लरने 'जीनोम' शब्द काढला तो गुणसूत्रांच्या एकेरी संचासाठीच. चुकतंय ते आधीचं 'जनुक'.

प्रश्नकर्ती : पटलं, 'जीनोम'च ठेवते. आता इंट्रॉनला 'निरर्थक तुकडा' म्हणू का? एका जुन्या टिपणात तसं सापडलं.

उत्तर १ : अजिबात नको. स्ट्रोबिल्युरिन गटातली बुरशीनाशकं सायटोक्रोम-बी या प्रथिनावर घाव घालतात, आणि त्याचं जनुक तंतुकणिकेतच असतं. या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी ॲलानीन आलं की औषध जवळपास निकामी. त्यासाठी डीएनएतलं एकच अक्षर बदलावं लागतं. पण बटाट्यावर लवकरचा करपा आणणाऱ्या अल्टरनेरिया सोलानीत त्या जागेला लागूनच एक इंट्रॉन बसलाय. प्रथिन बनण्याआधी तो आरएनएतून कापून निघावा लागतो, आणि कुठे कापायचं याची खूण शेजारच्या अक्षरांत असते. तिथलं अक्षर बदललं की कापणी बिघडते, प्रथिनच बनत नाही, बुरशी मरते. म्हणून हा बदल तिच्यात टिकत नाही. (१२९ व्या जागेच्या बदलाने ती थोडीफार तग धरते, ते वेगळं.) तिच्याच गोतातल्या अल्टरनेरिया अल्टरनाटात तो इंट्रॉन नाही, आणि तिथे प्रतिकार येतो. तांबेऱ्याच्या बुरश्यांतही इंट्रॉन तिथेच. आता याला 'निरर्थक' कसं म्हणायचं?

उत्तर ३ : 'मधला तुकडा' म्हणा. किंवा इंट्रॉनच, 'व्हायरस' पचवला तसा हाही पचेल.

प्रश्नकर्ती : ठीक. शीर्षक 'रोगकारक बुरश्यांच्या तंतुकणिकेतला जीनोम'. की 'कवक' हवं?

उत्तर २ : 'कवक' पाठ्यपुस्तकात शोभतं, लेखात 'बुरशी'च. फक्त यादीत भुरीशेजारी केवडा रोग आणणारा जीव घातला असेल, तर काढा. दिसायला बुरशीसारखा, पण त्याचं नातं तपकिरी शैवालांशी.

प्रश्नकर्ती : घातला होता. काढते.