‘वन पीस’ (जपानी अ‍ॅनिमे मालिका), भाग ३१२: गोइंग मेरी जहाजाच्या निरोपाचे परीक्षण कसे लिहावे?

प्रश्न: एनिएस लॉबी या सरकारी बेटावरून सर्वांना सोडवून आणल्यावर गोइंग मेरी दुभंगते आणि तिचा चाचा कप्तान लुफी स्वतःच्या हाताने तिला अग्नी देतो. मालिका न पाहिलेल्या वाचकाला हा प्रसंग भिडेल का?

उत्तर १: भिडेल, परंतु केवळ कथानक सांगून नव्हे. सिरप गावात काया नावाच्या मुलीने दिलेले हे छोटे जहाज, स्कायपिया या आकाशातील बेटावर रात्री झालेली त्याची गूढ दुरुस्ती आणि ते सोडून देण्यावरून लुफी व त्याचा सहकारी उसॉप यांच्यात झालेले द्वंद्व, एवढी पार्श्वभूमी दिली तरच जळताना मेरीने स्वतः बोलून मागितलेल्या क्षमेचे वजन कळते.

उत्तर २: माझ्या मते उसॉपवर अधिक लिहावे. तो सोगेकिंग या आपल्या बनावट रूपाच्या मुखवट्याआड उभा असतो आणि चेहरा झाकलेला असल्यामुळेच त्याचे दुःख लुफीच्या आक्रोशापेक्षा खोल जाणवते. जुन्या दृश्यांची उजळणी मात्र मला थोडी लांबलेली वाटली. मालिका बनवणाऱ्या तोएई अ‍ॅनिमेशनची ती जुनीच खोड आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जहाजबांधणी करणाऱ्या आइसबर्गचा उल्लेख आवश्यक आहे का?

उत्तर १: अवश्य करावा. जहाज वाचणार नाही हे ठाऊक असूनही, त्याची शेवटची डागडुजी त्यानेच केली होती.