मदत हवी आहे: विदर्भातल्या खेड्यातून एडमंटन ऑयलर्सचे सामने थेट कसे ऐकायचे?

नमस्कार मंडळी,

आइस हॉकी मन लावून बघणारं इथे कोणी असेल तर हा धागा जरा सवडीनं वाचा. मला एडमंटन ऑयलर्सचे सामने थेट, रीतसर मार्गानं आणि कमी डेटात ऐकायचे आहेत, जमलं तर बघायचेही आहेत. मी राहतो यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात, फाट्यापासून बऱ्याच आत असलेल्या गावात. शहरातल्या वायफायवर चालणारे उपाय इथे चालत नाहीत, म्हणून अडचण नीट फोड करून सांगतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिका आणि कॅनडा मिळून नॅशनल हॉकी लीग चालते, ३२ संघ आहेत. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक संघ ऐंशीहून जास्त सामने खेळतो आणि मग बाद फेरी जूनपर्यंत जाते. जिंकणाऱ्याला स्टॅन्ले कप. एडमंटन ही अल्बर्टा प्रांताची राजधानी, तिथला संघ ऑयलर्स. १९८४, ८५, ८७, ८८ आणि ९० असे पाच कप त्यांनी जिंकले, त्यातले पहिले चार वेन ग्रेट्झकी असताना. १९९० नंतर एकही नाही. खरं तर १९९३ च्या मॉन्ट्रियलनंतर कॅनडातल्या कुठल्याच संघाला कप मिळालेला नाही.

माझी धाकटी बहीण एडमंटनला असते. भाच्यानं पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर सामना दाखवला, "मामा, त्या ९७ नंबरकडे बघ" म्हणाला. तो ९७ नंबर म्हणजे कॉनर मॅकडेव्हिड. इतक्या वेगानं पळणारा माणूस मी कुठल्याच खेळात बघितला नव्हता. भाचा आता फुटबॉलकडे वळला. मी मात्र अडकलो तो अडकलोच.

आता वेळेचं गणित. एडमंटनला संध्याकाळी सातला सामना सुरू झाला की आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग मार्चपर्यंत साडेसात. संघ टोरांटो, बॉस्टनकडे गेला की हिवाळ्यात पहाटे साडेपाच. त्यांचा शनिवारी रात्री आठचा सामना म्हणजे आपला रविवार सकाळी साडेआठ.

पहाटे साडेपाचचा सामना मला सगळ्यात सोयीचा. हरभरा वर आला की रानडुकरांपायी वावरात जागलीला असतोच. उजाडेपर्यंत कोणी हाक मारत नाही, मफलरच्या आत इयरफोन आणि धुऱ्यावरच्या बाभळीजवळ रेंजच्या दोन काड्या, एवढं पुरतं. ही बाभूळ सोडली तर सगळ्या वावरात नेट नाही. साडेसातचा सामना म्हणजे पंचाईत. ज्या आठवड्यात दिवसाची लाईन असते तेव्हा नेमकी त्याच वेळी मोटर चालू करायची, स्प्रिंकलर लावायचे, एक पट्टा भिजला की पाइप सोडवून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. नोझलमध्ये कचरा अडकला तर काडीनं काढायचा. हात चिखलाचे, फोनला हात लावायची सोय नाही. शिवाय याच दिवसांत कापसाची वेचणी, बाया आल्या की वजनाला मी हजर पाहिजे. म्हणून मला चित्रापेक्षा आवाज जास्त हवा आहे.

आणि आवाजावर हा खेळ समजणं सोपं नाही, हे आधीच सांगतो. क्रिकेटच्या समालोचनात दोन चेंडूंमध्ये जागा असते, ऐकणाऱ्याला क्षेत्ररचना डोळ्यांसमोर उभी करता येते. इथे एक खेळाडू जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर असतो आणि खेळ न थांबता दुसरा त्याच्या जागी उडी मारतो. बर्फावर गोलकीपर धरून सहा जण, पण सामन्यासाठी तयार केलेले वीस: बारा पुढचे, सहा बचावाचे, दोन गोलकीपर. कोण कोणाबरोबर उतरतो ते पाठ नसेल तर नुसती नावं कानावरून जातात. मी त्यासाठी दोनशे पानी वही केली आहे. एका पानावर एक सामना: वरती पुढच्यांच्या चार तिकड्या, खाली बचावाच्या तीन जोड्या, कोपऱ्यात गोलकीपर. संघ मागे पडला की प्रशिक्षक मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसायटल या दोघांना एकाच तिकडीत घालतो, तेव्हा मी शाईनं बाण काढतो. वहीमुळे ऐकताना मला आता बर्फ दिसतो. पाइप उचलता उचलता "नजंट-हॉपकिन्स टू ड्रायसायटल" एवढं ऐकलं तरी पक कुठल्या कोपऱ्यातून कुठे आला ते कळतं. आमच्या घरातल्या बापूंनाही मी असंच शिकवलं. पक म्हणजे तीन इंची, इंचभर जाड रबराची चकती. ती बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात, हे ऐकून त्यांना फार नवल वाटलं होतं.

"निकाल कळल्यावर सारांश बघून घ्या" असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. तो मला मान्य नाही, आणि का ते सांगतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात हा संघ १३ पैकी फक्त ३ सामने जिंकून तळाजवळ होता. प्रशिक्षक बदलला, क्रिस नॉब्लॉक आला. मग डिसेंबरअखेरपासून जानेवारीअखेरपर्यंत सलग १६ सामने जिंकले. पिट्सबर्गचा १९९३ चा सलग १७ विजयांचा विक्रम एका सामन्यानं हुकला. तो हिवाळा मी सारांशांवरच काढला, आणि विजयांची यादी सोडली तर त्यातलं काहीच माझ्याजवळ उरलं नाही.

त्याच हंगामात जूनमध्ये अंतिम फेरी, समोर फ्लोरिडा पँथर्स. पहिले तीन सामने हरले. चौथा ८-१, पाचवा ५-३, सहावा ५-१ जिंकले. सातवा सामना आपल्याकडे २५ जूनला पहाटे साडेपाचला. पेरणीचे दिवस. बहिणीनं फोन टीव्हीसमोर उभा करून कॉल चालू ठेवला आणि मी घराच्या माळवदावर बसून तो ऐकला. फ्लोरिडानं गोल केला, दोन-अडीच मिनिटांत आमच्या यानमार्कनं बरोबरी केली. दुसऱ्या सत्रात फ्लोरिडाच्या राइनहार्टनं गोल केला, २-१. शेवटची वीस मिनिटं आमचा संघ धडका मारत राहिला आणि कॉल पुन्हा पुन्हा तुटत राहिला. प्रत्येक वेळी जोडला गेला की पहिला प्रश्न एकच, "झाला का?" झाला नाही. हरलेल्या संघातला असूनही बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मॅकडेव्हिडचं नाव पुकारलं, तो बक्षीस घ्यायला बाहेर आलाच नाही. मला ते योग्य वाटलं. ती वीस मिनिटं सारांशात कोणी दाखवत नाही, कारण त्यांत गोलच नाही. पण माझ्यासाठी सामना तोच होता.

२०२५ ला पुन्हा फ्लोरिडा, पुन्हा हार, या वेळी सहा सामन्यांत. चौथ्या सामन्यात ०-३ वरून ५-४ असा जादा वेळेत विजय, गोल ड्रायसायटलचा. तो मी थेट ऐकू शकलो नाही. बहिणीची रात्रपाळी होती, भाच्याला दरवेळी फोन धरून बसव म्हणणं बरं नाही.

आता घाई का, तेही सांगतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मॅकडेव्हिडनं नवा करार केला तो फक्त दोन वर्षांचा, २०२६-२७ पासून, वर्षाला सव्वा कोटी डॉलर, म्हणजे आधी मिळत होते तेवढेच. मागितले असते तर कितीतरी जास्त मिळाले असते. लीगमध्ये प्रत्येक संघाला पगाराची मर्यादा असते, २०२५-२६ ला ती ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. त्यानं कमी घेतले म्हणून इतरांसाठी पैसा मोकळा राहिला. त्यानं स्वतःहून घातलेली मुदत आहे ती. या मुदतीतला प्रत्येक सामना मला थेट हवा आहे.

तर मला हे सांगा: संघाचं रेडिओ समालोचन भारतातून रीतसर ऐकता येतं का, फोनचा पडदा बंद ठेवून? तासाला डेटा किती जातो? आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी निकाल डोळ्यांसमोर न येता पूर्ण सामना नंतर कसा बघायचा? फुकटच्या चोरट्या लिंका कृपया देऊ नका. त्या ऐन वेळी बंद पडतात, आणि ज्या खेळाडूंवर जीव आहे त्यांचा खेळ चोरून बघायला मन घेत नाही. वर्षाची वर्गणी भरायची तयारी आहे, कापूस विकला की भरेन.

प्रतिसाद, कॅलगरीहून

दादा, मी कॅलगरी फ्लेम्सवाला, म्हणजे तुमचा हाडवैरी. अल्बर्टातले हे दोन संघ समोरासमोर आले की आमच्या ऑफिसात लोक एकमेकांशी बोलत नाहीत. तरी तुमचं पत्र वाचून राहवलं नाही.

लीगचं स्वतःचं अधिकृत ॲप घ्या. त्यात सामन्याच्या पानावर दोन्ही संघांचं रेडिओ समालोचन असतं, त्याला पैसे पडत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा, नाहीतर पडदा बंद झाला की आवाजही बंद होतो. ६४ केबीपीएसचा आवाज असेल तर तासाला ३० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे मधल्या दोन सुट्ट्या धरूनही सामना शंभर एमबीच्या आत बसतो. त्याच ॲपमध्ये गुण लपवण्याची सोय आहे, ती चालू करा आणि सूचना सगळ्या बंद करा. पण खरा धोका ॲपचा नाही, व्हॉट्सॲपचा आहे. बहिणीला सांगून ठेवा की सामन्याच्या दिवशी आधी तुमचा मेसेज येईपर्यंत काही लिहायचं नाही.

चित्राचे हक्क देशोदेशी बदलत असतात, त्यामुळे एकदम वर्षाचे पैसे भरू नका. एक महिना घेऊन बघा, तुमच्या बाभळीखाली चालतं का ते.

प्रतिसाद, नागपूरहून

भाऊ, बापूंना इंग्रजी समालोचन जड जात असेल तर पंजाबी ऐकवा. कॅनडात २००८ पासून हॉकीचं पंजाबी समालोचन होतं, हरनारायण सिंग यांचा आवाज ऐका एकदा. हिंदी येणाऱ्याला अर्ध्याहून जास्त कळतं आणि गोल झाला की बाकीचंही कळतं. तुमच्याच ऑयलर्सकडून जुझार खैरा हा पंजाबी घरातला पोरगा खेळून गेला आहे, बापूंना तेही सांगा.

दुसरं, वावरात एकाच कंपनीच्या रेंजवर राहू नका. दुसरं सिम टाका, दिवसभर फिरून कुठलं कुठे पकडतं ते बघा. आमच्या मामाच्या गावी धुरा बदलला की कंपनी बदलते.

धागाकर्ता

कॅलगरीवाले दादा, आणि नागपूरचे भाऊ, मनापासून आभार. ॲप घेतलं, बॅटरीची सेटिंग बदलली आणि आज सकाळचा सामना मोटर चालू करण्यापासून दुसरा पट्टा भिजेपर्यंत सलग ऐकला. आवाज एकदाच अडकला, तोही मी पाइप घेऊन विहिरीकडे उतरलो तेव्हा. बहिणीला ताकीद दिली आहे. पंजाबी समालोचन बापूंनी संध्याकाळी ऐकलं, आणि "याचं बोलणं आपल्या शंकरपटावानी, बैलांच्या शर्यतीवानी आहे" म्हणाले, त्यांना ते फार आवडलं.

एक नवी अडचण आली आहे. वायरचे इयरफोन पाइप खांद्यावर घेताना ओढले जातात. पाणी उडालं तरी चालेल असे गळ्यातले कोणी वापरत असेल तर सांगा, हजाराच्या आत.

आणि अजून एक. गावातली काही पोरं माझी वही बघून विचारायला लागली आहेत. भारत हा खेळ खेळतो का, असंही एकानं विचारलं. त्याला लडाखच्या मुलींबद्दल सांगितलं, २०२५ ला आशिया कपमध्ये आपल्या महिला संघानं कांस्यपदक मिळवलं ते. एप्रिलमध्ये बाद फेरी सुरू झाली की वेळ पुन्हा सकाळी साडेसहाच्या आसपास येते, शाळा सकाळची असली तरी रविवार मोकळा असतो. वाचनालयाच्या खोलीत भिंतीवर सामना दाखवायचा विचार आहे. तिकीट नाही, काही नाही, दहा-बारा पोरं. त्यासाठी घरगुती वर्गणी चालते का, की वेगळी परवानगी काढावी लागते? कोणी गावात असं रीतसर केलं असेल तर अर्ज कुठे करायचा तेवढं सांगा.